अर्धी वाटी, १ फेब्रुवारी

संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला आमच्या घरात एक प्रश्न येतो. स्वयंपाकघराच्या दारातून येतो आणि उत्तराची वाट न बघता परत जातो. "आज काय करू?" लग्नाला चौतीस वर्षं झाली. दिवसातून दोनदा धरलं, तर हा प्रश्न मला साधारण २४,८०० वेळा विचारला गेला आहे. "काहीही चालेल" हे माझं उत्तरही तितक्याच वेळा दिलं गेलं आहे. त्यातल्या निदान निम्म्या वेळा ताटावर बसल्यावर "परत दुधी?" असंही मी विचारलं आहे. म्हणजे खात्यात दोन्ही बाजू भरलेल्या.

मी बँकेत होतो. शेवटची बारा वर्षं ताळमेळ विभागात. एखादी एंट्री रोज येत असेल तर तिच्यावर रोज विचार करायचा नसतो, एकदाच फॉर्म्युला बसवायचा असतो, हे तिथे अंगात मुरलेलं. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या महिन्यात, वर्तमानपत्र शब्दकोड्यासकट अकरा वाजता संपायला लागलं तेव्हा, मी मुलाचा जुना लॅपटॉप उघडला आणि एक्सेलमध्ये नवीन फाईल केली. नाव दिलं, ‘आज काय करू’.

आराखडा देखणा होता. चार शीट. पहिलीत पदार्थ, आणि प्रत्येक पदार्थापुढे त्याचं साहित्य, माणशी. दुसरीत घरातला साठा. तिसरीत आठवडा, सकाळ-संध्याकाळचे चौदा चौकोन. चौथीत यादी. आठवड्यात पदार्थ भरला की त्याचं साहित्य माणसांनी गुणायचं, सगळ्या पदार्थांतली डाळ सम-इफनं एकत्र करायची, त्यातून घरात असलेली वजा करायची, उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य धरायचं, उरेल ते यादीत. कागदावर यात काहीही चूक नव्हती. बुडालेल्या कर्जांच्या कागदांतही काही चूक नसते, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

या सगळ्याचं मूळ एका फळ्यात आहे. हार्वर्डमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी १९७८ साली वर्गात बसला होता आणि मास्तर फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत होते. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. ब्रिकलिनला वाटलं, फळ्यानंच हे केलं तर? पुढच्या वर्षी त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आणलं, आणि एक आकडा हलवला की शंभर आकडे आपोआप हलायची सोय जगाला झाली. त्या सोयीनं माझ्या घरात काय केलं ते पुढे येईलच.

स्वयंपाकघरात संगणक घुसवणारा मी पहिला नव्हे, हेही सांगून टाकतो. १९६९ मध्ये अमेरिकेत हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ एका बड्या दुकानाच्या कॅटलॉगात आला होता. किंमत १०,६०० डॉलर. त्याला भाजी चिरायची फळी जोडलेली होती. पाककृती आत, पण त्याच्याशी बोलायचं ते बटणं वर-खाली करून आणि त्याचं उत्तर समजून घ्यायचं ते दिव्यांच्या उघडझापीवरून. ते शिकायला गृहिणीसाठी दोन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स किमतीत धरलेला होता. एकही नग खपल्याची नोंद नाही. ही गोष्ट मी हिला मोठ्या उत्साहानं सांगितली. ही म्हणाली, "फळी चांगली असेल."

तर, माहिती गोळा करायला बसलो. एका हातात लॅपटॉप, समोर ही, तिच्यासमोर मेथीची जुडी.

"आमटीला डाळ किती?"

"वाटीभर."

"कुठली वाटी?"

"आपली."

घरात वाट्यांचे चार प्रकार आहेत, ते सगळे आपलेच आहेत. चौकशीअंती कळलं की ‘आपली’ म्हणजे डाळीच्या डब्यात कायमची राहणारी, कडेला चेपलेली पितळी वाटी, माझ्या आईच्या वेळची. ती मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून मोजली. तूरडाळ भरली तर १७० ग्रॅम, रवा १४०, पोहे जेमतेम ७५. बँकेत एक रुपया म्हणजे एक रुपया असतो, कोणाच्याही खिशातला असो. इथे माप एकच आणि प्रत्येक डब्यात त्याचा भाव वेगळा.

"गूळ?"

"सुपारीएवढा."

"चिंच?"

"लिंबाएवढी."

"आणि सारात लिंबू पिळतेस ते केवढं?"

हिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "लिंबाएवढं."

मीठ चवीपुरतं, आलं पेरभर, हिंग चिमूट, तेल पळीभर, लोणी आवळ्याएवढं. डोसे घालताना पाणी किती, तर "पीठ सांगतं." मी साहित्याच्या शीटमध्ये ‘कोण सांगतं’ असा एक रकाना वाढवला. कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं ‘रुचिरा’ आमच्या फडताळात आहे, पानं सुटून दोरीनं बांधलेलं. त्या पुस्तकात वाटी-चमच्यांची मापं स्वच्छ दिलेली आहेत, म्हणून मी त्याचा आधार घ्यायचं ठरवलं. तर प्रत्येक कृतीच्या बाजूला हिचं पेन्सिलीतलं अक्षर : ‘साखर निम्मी’, ‘अहोंना खसखस नको’, आणि एका ठिकाणी नुसतंच ‘नाही’.

आता अर्ध्या वाटीकडे येतो. उपम्याला रवा अर्धी वाटी, माणशी. मी टाईप केलं १/२. एन्टर दाबलं. चौकोनात दिसू लागलं, १ फेब्रुवारी. पुन्हा केलं, पुन्हा १ फेब्रुवारी. दाण्याचं कूट पाव वाटी होतं, ते १ एप्रिल झालं. तारीख पाहून मला शंका यायला हवी होती. पाऊण वाटी खोबरं ३ एप्रिलला पडलं. मला वाटलं दिसायला तेवढं गमतीदार आहे, आत हिशोब बरोबर असेल. तर एक्सेलच्या आत तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. (त्यातही १९०० हे लीप वर्ष नसताना एक्सेल त्याला लीप धरतं. आधीच्या ‘लोटस १-२-३’ मध्ये ती चूक होती, आणि जुन्या फायली बिघडू नयेत म्हणून ती तशीच पुढे आणली. ३० फेब्रुवारीचे चेक घेऊन येणारे खातेदार मी पाहिले आहेत, पण २९ फेब्रुवारी १९०० छापून देणारी बँक एवढीच.) त्यामुळे २०२५ सालची १ फेब्रुवारी म्हणजे ४५,६८९. यादीच्या शीटवर पहिली ओळ उमटली : रवा, ९१,३७८ वाट्या. दोन माणसांचा उपमा.

मी हिशोब करून पाहिला. वाटीला १४० ग्रॅम धरले तर पावणेतेरा टन.

"ट्रक कुठे लावायचा?" ही म्हणाली.

नंतर कळलं की या फेऱ्यात मोठी मोठी माणसं सापडली आहेत. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशा धाटणीची होती. शास्त्रज्ञांनी ती एक्सेलमध्ये भरली की त्यांच्या तारखा व्हायच्या. एक्सेल ऐकेना, तेव्हा २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलून टाकली. उत्क्रांतीला जे करावं लागलं ते मलाही करावं लागलं : अर्धा ०.५, पाव ०.२५, पाऊण ०.७५. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द ज्या भाषेत लहान मुलालाही येतात, त्या भाषेतली माझी बायको भाजीवालीकडे उभी राहून आता "शून्य पूर्णांक पंचवीस किलो गवार" मागेल की काय, अशी मला धास्ती वाटू लागली.

दुसरं संकट शुद्धलेखनाचं. पदार्थांच्या शीटमध्ये मी ‘साबूदाणा’ लिहिलं होतं, बू दीर्घ. आठवड्यात संकष्टीपुढे ‘साबुदाणा खिचडी’, बु ऱ्हस्व. साहित्य शोधून आणायचं काम व्हीलुकअप नावाच्या फॉर्म्युल्याकडे होतं. त्याला शेवटी एक गोष्ट बजावून सांगावी लागते, की नेमकं सापडलं तरच दे, नाहीतर सापडलं नाही म्हण. मी ती बजावली नव्हती. मग तो यादीतलं त्याच्या अलीकडचं, सगळ्यात जवळचं जे असेल ते देतो, आणि वर चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. अकारविल्हे यादीत साबूदाण्याच्या अलीकडे होतं सरंग्याचं कालवण. संकष्टीच्या खिचडीचं साहित्य आलं : सरंगा दोन, आमसुलं पाच, ओल्या नारळाचं वाटण.

"चंद्रोदयाच्या आधी की नंतर?" एवढंच हिनं विचारलं.

पंचांगापुढे तर मी हातच टेकले. एक्सेलला सोमवार कळतो, संकष्टी कळत नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे उपास दरवर्षी मागे सरकतात, आणि साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येऊन सगळे पुन्हा पुढे ढकलतो. आषाढात कांदेनवमी झाली की कांदा, लसूण, वांगं चार महिने बंद. वांगं सुटतं ते थेट चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं. आमच्याकडे सरंगाही चालतो आणि चातुर्मासही चालतो. दोन्ही एका माणसाच्या पोटात कसे बसतात हे विचारू नये, ते बसतात. पण फॉर्म्युल्यात बसत नाहीत. मी इफच्या आत इफ, त्याच्या आत इफ असे सात इफ घातले आणि शेवटी मागच्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून लॅपटॉपशेजारी ठेवलं. १९७३ पासून ते हेच काम करतंय, तेही चार्जरशिवाय. त्याच्या चौकोनांत हिच्या नोंदी होत्या : ‘गॅस लावला’, ‘दूध १ कमी’, ‘गहू दळून’, ‘ताईकडे जेवण’. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी चमकून गेलं होतं. पण मी सातव्या इफचा कंस शोधत होतो.

विरजणाचं सांगायचं राहिलं. दह्याचं साहित्य : दूध अर्धा लिटर, दही एक चमचा. ते भरल्याबरोबर पडद्यावर इशारा आला, की तुमचं सूत्र फिरून स्वतःवरच येतंय. बरोबर होतं त्याचं. दही करायला दही लागतं, आणि ते दही करायलाही दही लागलेलं असतं. हा वर्तुळाकार संदर्भ आमच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात स्टीलच्या डब्यात कैक वर्षं चालू आहे. तो एकदाच तुटला, आम्ही दहा दिवस केरळला गेलो होतो तेव्हा. मग शेजारच्या काकूंकडून चमचाभर आणलं आणि पुन्हा चालू झाला. एक्सेलला शेजार नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. माणूस निवडणार म्हटलं की दुधी-दुधी होतं, तेव्हा निवड मशीनवर सोडू. बेचाळीस भाज्यांना नंबर दिले आणि रँडबिटवीनला सांगितलं, यातला कुठलाही एक काढ. पहिला आठवडा झकास आला. सोमवारी दुधी, मंगळवारी फरसबी, बुधवारी पडवळ. यादी छापली, स्टेशनजवळच्या भाजीवाल्या मावशींकडे गेलो, छापील कागद हातात धरून खरेदी केली. मावशी कागद बघत होत्या. "काका, पंगत आहे का?"

घरी येऊन साठ्याच्या शीटमध्ये नोंद केली : दुधी, १. एन्टर. आठवड्यातला सोमवार बदलून घोसाळं झाला. मंगळवार सुरण. मी दचकून फरसबी भरली. सोमवार टोमॅटो, बुधवार कारलं. हे रँडबिटवीन शीटवर कुठेही काही हाललं की पुन्हा नव्यानं चिठ्ठी काढतं, हे मला माहीत नव्हतं. अकरा भाज्या भरल्या तेव्हा अकरा आठवडे येऊन गेले होते आणि त्यातल्या एकाही आठवड्यात घरात आणलेला दुधी नव्हता. भाजी आली अशी नोंद करायची, की तिचा बेत रद्द. फळा आपोआप पुसावा असं ब्रिकलिनला वाटलं होतं खरं, पण माणूस बाजारातून परत यायच्या आत नव्हे.

ही मागे उभी राहून बघत होती. "अगदी आईंसारखं करतंय हो," ती म्हणाली. "मी भाजी चिरून ठेवली की मग त्यांना दुसरीच आठवायची."

वाणसामानाचं मात्र जरा बरं चाललं. पहिल्यांदा फजिती झाली, नाही असं नाही. दुकानात जाऊन मी म्हणालो, "शेठ, तूरडाळ ३८७ ग्रॅम, मोहरी १४ ग्रॅम, हळद सात." शेठनी पेन कानावर ठेवलं. "काका, घरी सगळं ठीक ना?" त्या रात्री मी सीलिंग नावाचा फॉर्म्युला शिकलो. तो आकडा वरच्या पाकिटापर्यंत ओढतो. ३८७ चा अर्धा किलो होतो, १४ ची शंभराची पुडी होते, आणि उरलेली ८६ ग्रॅम मोहरी साठ्यात जाऊन पुढचे सहा आठवडे मागत नाही. हे चाललं. महिन्याचं सामान दोन महिने बरोबर आलं. एकच चूक, कढीपत्त्याची. रुपयाला किती ग्रॅम येतं असा मी प्रत्येक जिनसाचा दर काढत होतो, आणि कढीपत्ता मावशी भाजीवर फुकट टाकतात. शून्यानं भाग जात नाही म्हणून त्या चौकोनात कायमची चूक दिसायची. मावशींना निदान एक रुपया घ्यायला सांग, असं मी हिला म्हणालो. त्यावर हिनं जे उत्तर दिलं ते कुठल्याच शीटमध्ये नोंदवण्यासारखं नाही.

एका संध्याकाळी ही मटार सोलत बसली होती. मी शीट मिटून विचारलं, "खरं सांग, तू इतकी वर्षं ठरवायचीस कसं?"

"गाडीत," ती म्हणाली.

हिची नोकरी फोर्टला. संध्याकाळची फास्ट, लेडीज डबा, सीएसएमटी ते डोंबिवली. (तेव्हा व्हीटी म्हणायचो, ही अजून म्हणते.) भाजी स्टेशनबाहेर घ्यायची. बसायला मिळालं तर मांडीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलायचा, घेवडा मोडायचा, मेथी खुडायची. तीन बाकांवर मिळून सगळा डबा निवडत असायचा. कुर्ल्याला सुरू केलेला अर्धा किलो मटार ठाण्याला संपायचा. आणि हात चालत असताना डोकंही चालायचं. घाटकोपरपर्यंत, घरातली कुठली भाजी आज केली नाही तर उद्या टाकावी लागेल. ठाण्यापर्यंत, मुलीची परीक्षा, मुलाचं पोट, आईंचा उपास, माझा खोकला, सकाळच्या पोळ्या किती उरल्या, उद्या गॅस संपेल का, पाहुणे येतो म्हणाले ते खरंच येणार का. ठाण्यानंतर पारसिकचा बोगदा. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून जरा मोठा. आत शिरलं की खिडकीबाहेर काळोख आणि असा आवाज, की सगळ्या जणी बोलायच्या थांबायच्या.

"त्या मिनिटभरात ठरायचं," ही म्हणाली. "बोगद्यातून बाहेर आलं की भाजी पक्की."

"मग घरी येऊन मला का विचारायचीस?"

मटाराची शेंग तिच्या बोटांत फुटली. "तुम्हाला कोण विचारत होतं? मी मोठ्यानं बोलायचे. कोणाची हरकत असली तर कळावी म्हणून."

म्हणजे ती जाहीर नोटीस होती. चोवीस हजार आठशे वेळा हरकती मागवल्या गेल्या, आणि मी ‘काहीही चालेल’ म्हणून सही करत गेलो. परत दुधी म्हणण्याचा माझा हक्क मुदतीबाहेर होता.

तरी मी फाईल टाकून दिली नाही. ती ऑनलाइन चढवली आणि तिची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली, लिंक असेल त्याला बदल करता येईल अशी. बंगळुरूहून मुलानं बुधवारी रात्री बिर्याणी टाकली. त्याला खायची नव्हती, आम्हाला करायला लावायची होती. पुण्याहून मुलीनं तेलाचा रकाना लाल केला. आणि तिसरं कोणीतरी यायला लागलं. अशा शीटवर लॉग-इन न करता माणूस आला, की त्याच्या नावाऐवजी एखाद्या प्राण्याचं नाव दिसतं. वरच्या कोपऱ्यात उमटायचं : अनामिक कॅपिबारा. मी शोधून पाहिलं. कॅपिबारा हा दक्षिण अमेरिकेतला प्राणी, उंदराच्या जातीतला जगातला सगळ्यात मोठा.

"अगं, आपल्या शीटमध्ये उंदीर शिरलाय," मी आतल्या खोलीच्या दिशेनं ओरडलो. तिकडून उत्तर आलं नाही.

माझ्या डोळ्यांदेखत त्यानं शुक्रवारचं कारलं खोडलं. साबूदाण्याचा बू ऱ्हस्व केला. दह्याच्या साहित्यातून दही काढून तिथे ‘काकूंकडून’ लिहिलं. कढीपत्त्याच्या दरात ‘फुकट’. मग तो कर्सर रविवारी रात्रीच्या चौकोनात जाऊन थांबला. बराच वेळ थांबला, बोगद्यात थांबावा तसा. आतल्या खोलीत नातवाच्या जुन्या टॅबचा उजेड दारावर पडला होता.

मग अक्षरं उमटली : बाहेर.

यादीत लगेच चूक दिसली, ‘बाहेर’ नावाचा पदार्थ सापडत नाही. या वेळी मी इफ घातला नाही. पदार्थांच्या शीटमध्ये सगळ्यात खाली नवी ओळ घेतली, ‘बाहेर’ लिहिलं आणि पुढे साहित्य भरलं. माझं पाकीट, १ नग.